धुराची बिल्टी कोणाच्या नावावर?

नागपूर हे देशाच्या मध्यावर वसलेले शहर आहे, ही गोष्ट प्रत्येक नागपूरकर मोठ्या अभिमानाने सांगत असतो. शून्य मैलाचा दगड हा त्या अभिमानाचा मूक साक्षीदार. परंतु मध्यावर असण्याचा एक अर्थ असाही होतो की, पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा कितीतरी माल या शहराच्या अंगावरून जातो आणि जाताना धूर, धूळ व गोंगाट मागे ठेवून जातो. आता या वाहत्या गंगेला अधिकच पूर येणार, अशी चिन्हे आहेत. राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या लॉजिस्टिक धोरणात नागपूर-वर्धा परिसरात राष्ट्रीय पातळीचे महाकेंद्र उभारण्याचे योजले आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. गोदामांसाठी जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. रोजगार येईल, व्यापार वाढेल, या आशेने शहर उल्हसित व्हावे हे स्वाभाविकच आहे. मात्र या आशेच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो विचारण्याची वेळ गोदामे उभी राहण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे. हा वाढता माल कोणत्या मार्गाने, कोणत्या इंधनावर आणि कोणाच्या छातीतील श्वासाच्या मोबदल्यात वाहून नेला जाणार?

मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. किंबहुना अलीकडे त्यांच्या वार्षिक अहवालांत पर्यावरणाचा जप इतका चालतो की, एखाद्या आश्रमाची पत्रिका वाचीत आहोत असा भास व्हावा. शहरातल्या शहरात घरपोच माल पोचविणाऱ्या विजेच्या चार गाड्या घ्यायच्या, त्यांवर हिरवे पान रंगवायचे आणि त्यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापायचे, ही आता रूढ रीत झाली आहे. या गाड्या वाईट आहेत असे कोणीच म्हणणार नाही. परंतु कारखान्यापासून गोदामापर्यंतचा सातशे-हजार किलोमीटरचा प्रवास डिझेलवर करून आलेला माल शेवटचे सात किलोमीटर विजेवर गेला, म्हणून तो हरित ठरत नाही. मालवाहतुकीचे पर्यावरणावरील ओझे कोठे आहे हे पाहायचे असेल, तर नजर दारातल्या छोट्या गाडीवरून उचलून महामार्गावरील ट्रकांच्या रांगेकडे न्यावी लागेल.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

या विषयाचा पहिला धडा नागपूरने फार पूर्वीच गिरविलेला आहे. रेल्वे येण्याआधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापूरपर्यंत जात असे. बंजाऱ्यांचे तांडे महिनोन् महिने वाट तुडवीत आणि पावसाळ्यात तर सारेच ठप्प होई. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरात पोचली आणि कापूस मुंबईच्या वाटेला लागला. तरीही एक विपरीत गोष्ट उरलीच. येथला कापूस मुंबईला न्यायचा, तेथे त्याचे कापड करायचे आणि तेच कापड पुन्हा येथे आणून विकायचे, असा हा द्राविडी प्राणायाम होता. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती नेमकी हा फेरा ओळखून. कापूस शेजारच्या शेतात, कोळसा वरोऱ्याच्या खाणीत आणि रेल्वे दाराशी अशी त्रिविध सोय पाहून त्यांनी मुंबईऐवजी हे ठिकाण निवडले. पुढे यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या कापसाच्या पट्ट्यात चिमुकली ‘शकुंतला’ धावू लागली, तीही कापसाच्या गाठी मुख्य मार्गापर्यंत आणण्याच्याच हेतूने.

टाटांनी हे पर्यावरणाच्या कळवळ्याने केले नाही. व्यवहाराच्या हिशेबाने केले. गिरणीच्या भोंग्याबरोबर धुराडेही आलेच. परंतु त्या हिशेबातून निघणारे सूत्र आजही तितकेच खरे आहे. सर्वांत स्वच्छ वाहतूक म्हणजे करावीच न लागलेली वाहतूक. कच्चा माल, कारखाना आणि ग्राहक यांच्यातील अंतर कमी करणे हा पहिला उपाय. वाहन आणि इंधन यांचा विचार त्यानंतरचा. आज एम्प्रेस मिल उरलेली नाही, शकुंतलाही थांबली. विदर्भातला कापूस मात्र अजूनही सरकी वेगळी काढून गाठींच्या रूपाने दूरदूरच्या सूतगिरण्यांकडे जातो आणि तयार कपडे बाहेरून येथे येतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ज्या फेऱ्याला एका द्रष्ट्या उद्योजकाने छेद दिला, तोच फेरा आता अधिक वेगाने व अधिक धुराने चालू आहे. विदर्भाच्या औद्योगिक मागासलेपणाची चर्चा नेहमी अनुशेषाच्या भाषेत होते. ती वाहतुकीच्या व धुराच्या भाषेतही व्हावयास हवी.

रुळावरून रस्त्यावर

दुसरा धडा रुळांचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, १९५०-५१ च्या सुमारास, देशातील मालवाहतुकीचा जवळजवळ ८९ टक्के हिस्सा रेल्वेकडे होता. आज तो तीस टक्क्यांच्याही खाली आला आहे आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेने २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य आणि वस्तुस्थिती यांच्यातील हे अंतरच सारे काही सांगून जाते.

पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण अत्यल्प असते. डांबरी रस्त्यावर रबरी चाक फिरते तेव्हा ते कितीतरी पटींनी अधिक असते. त्यामुळे तितकेच वजन तितक्याच अंतरावर नेण्यास रेल्वेला ट्रकच्या तुलनेत फारच थोडी ऊर्जा लागते. एका मालगाडीत साडेतीन ते चार हजार टन माल सहज जातो. तोच माल पंचवीस-पंचवीस टनांच्या ट्रकांत भरला, तर दीडशेच्या आसपास ट्रक रस्त्यावर आणावे लागतील. देशातील एकूण वाहनांत ट्रकांचे प्रमाण अवघे तीन टक्के असले, तरी वाहनांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांपैकी सुमारे ५३ टक्के त्यांच्या वाट्याचे आहेत, असे नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे ज्यांची हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही अशा शहरांच्या यादीत नागपूरचे नाव आहे. वाडीच्या गोदामांजवळ किंवा भंडारा मार्गावरील कापसी परिसरात राहणाऱ्यांना ही यादी वाचण्याची गरज नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, रेल्वे विजेवर धावली तरी ती वीज कोळशाचीच आहे. मग धूर फक्त कोराडीला गेला, इतकेच. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मध्य रेल्वेच्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले, पण विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासूनच येतो. तरीसुद्धा मुळात ऊर्जाच कमी लागत असल्याने रेल्वेचे पारडे जडच राहते. शिवाय वीज उद्या सूर्यापासून घेता येईल. डिझेलला तशी मुभा नाही.

तर मग माल रुळावरून उतरला कसा? या प्रश्नाचे उत्तर केवळ कंपन्यांच्या माथी मारून भागणार नाही. प्रवासी भाडे स्वस्त ठेवण्यासाठी रेल्वेने वर्षानुवर्षे मालभाड्यावर भार टाकला. पूर्ण मालगाडी भरेल इतका माल असणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाकडेच तिने लक्ष दिले. वीस-पंचवीस टनांच्या व्यापाऱ्याची तिला कधी मातब्बरी वाटली नाही. माल अमुक दिवशी पोचेल याची हमी नाही, मालधक्क्यावर छप्पर धड नाही, आणि धक्क्यापासून दुकानापर्यंत पुन्हा ट्रक करावाच लागतो. चढउताराची हमाली दोनदा, नुकसानीची भीती दोनदा. ट्रकवाला मात्र रात्री इतवारीच्या दुकानातून माल उचलतो आणि थेट दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दाराशी उतरवितो. व्यापारी त्याला जवळ करतो, यात नवल ते काय? त्यातच १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. पूर्वी कंपन्या करासाठी राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवीत. ती गरज संपताच त्यांनी मध्यवर्ती ठिकाणी मोठी गोदामे घेतली आणि तेथून दूरवर मोठ्या ट्रकांनी माल पाठविण्यास सुरुवात केली. नागपूरचे भाग्य उजळले ते या कारणाने. परंतु त्याबरोबर मालाचा सरासरी प्रवास लांबण्याची वाटही मोकळी झाली.

रेल्वेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तिच्या मालाचा जवळजवळ निम्मा भाग कोळसा आहे. पर्यावरणासाठी कोळसा कमी करावयाचा आणि पर्यावरणासाठीच रेल्वेचा हिस्सा वाढवावयाचा, तर कोळशाच्या जागी भरावयास दुसरा माल हवा. साबण, औषधे, फळे, कापड, सुटे भाग हा आज ट्रकने जाणारा किरकोळ व मौल्यवान माल आपलासा करणे रेल्वेला जमले नाही, तर कोळशाबरोबर तीही क्षीण होईल.

एका खेपेचा हिशेब

आकड्यांवाचून ही चर्चा हवेत राहील, म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहावा. वीस टन माल घेऊन एक ट्रक नागपूरहून मुंबईस निघाला. अंतर सातशे किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरमागे चार किलोमीटर जातो असे धरले, तर १७५ लिटर डिझेल जळाले. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका खेपेत पावणेपाच क्विंटलच्या आसपास. टनामागे साधारण २४ किलो झाले. आता हाच ट्रक परतीचे भाडे न मिळाल्याने रिकामा आला आणि लिटरमागे सहा किलोमीटर जरी गेला, तरी आणखी ११७ लिटर जळाले. सारे ओझे त्या वीस टनांवरच पडले आणि टनामागचा आकडा चाळिशीला जाऊन भिडला. इंजिन तेच, इंधन तेच, चालक तोच. फक्त परतीचा माल नसल्यामुळे धूर दोन तृतीयांशांनी वाढला.

मालवाहतुकीतील सर्वांत मोठी उधळपट्टी ही अशी रिकाम्या ट्रकांत दडलेली आहे. तिचे मूळ पुष्कळ अंशी व्यापाराच्या एकेरीपणात आहे. संत्र्याच्या हंगामात नागपूरहून जाणारे ट्रक भरलेले आणि हंगाम सरताच परतीच्या मालासाठी दोन-दोन दिवस वाहतूक नगरात उभे, हे दृश्य नवे नाही. एक कंपनी आपला माल पाठवून ट्रक रिकामा परत बोलाविते आणि त्याच वाटेने दुसरी कंपनी दुसरा रिकामा ट्रक धाडते. दोघी एकमेकींना आपला माल किती व कोठे जातो हे सांगावयास तयार नसतात. या गुप्ततेला व्यापारी चातुर्य म्हणतात. तिची किंमत धुरात मोजली तर तिला दुसरे नाव द्यावे लागेल.

येथेच समृद्धी महामार्गाचाही विचार ओघाने येतो. अंतर व वेळ वाचला, तर डिझेलही वाचेल, असे सांगितले जाते आणि एका ट्रकापुरते ते खरेही आहे. परंतु अर्थशास्त्राला ठाऊक असलेली एक जुनी मेख आहे. इंग्लंडमधील जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले की, इंजिने सुधारली आणि कमी कोळशात अधिक काम होऊ लागले, तेव्हा कोळशाचा एकूण वापर घटला नाही, तर वाढला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस अधिक वापरतो. जो माल पूर्वी अमरावतीतच खपत होता, तो आता मुंबईस जाऊ लागेल. जी वस्तू आठवड्यातून एकदा येत असे, ती रोज येऊ लागेल. म्हणून रस्ता चांगला झाला एवढ्याने धूर कमी होईल, ही समजूत भाबडी आहे. रस्त्याने वाचविलेला वेळ पर्यावरणाच्या खात्यावर जमा व्हावयाचा, तर त्यासाठी वेगळे धोरण आखावे लागते.

संत्र्याची आगगाडी

असे धोरण आपल्याकडे आखलेच गेले नाही असे नाही. ते टिकले नाही, ही खंत आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूर विभागातून संत्र्यांची गाडी दिल्लीकडे रवाना झाली. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यातील बागायतदारांना पहिल्यांदाच असे वाटले की, रेल्वे केवळ कोळशाची नाही, आपलीही आहे. थोडा माल असला तरी चालत होता, वाटेतल्या स्थानकावर चढविता-उतरविता येत होता आणि फळे-भाज्यांच्या भाड्यात केंद्राकडून ५० टक्के सवलत मिळत होती. ट्रकपेक्षा भाडे कमी, वेळ कमी आणि जाता जाता धूरही कमी. पुढे सवलत थांबली आणि गाड्याही विरळ झाल्या. संत्री पुन्हा ट्रकांत गेली.

या प्रकरणातून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, सोय आणि भाडे जुळले तर नाशवंत माल पिकविणारा लहान बागायतदारसुद्धा रेल्वेकडे वळतो. ‘व्यापाऱ्यांनाच रेल्वे नको’ हा युक्तिवाद फोल आहे. दुसरा असा की, सवलतीच्या कुबडीवर उभी असलेली योजना कुबडी काढताच कोसळते. त्या दोन वर्षांत शीतगृह, बंदिस्त धक्का, ठरावीक वेळापत्रक ही कायमची सोय संत्र्याच्या पट्ट्यात पुरेशा प्रमाणात उभी राहिली असती, तर सवलत गेल्यावरही गाडी चालली असती. ट्रकला सरकार उघड सवलत देत नाही हे खरे. पण त्याच्या धुराची किंमत कोणीच वसूल करीत नाही, ही त्याला मिळणारी अदृश्य सवलतच आहे. ती कधी बंद होत नाही.

भाड्याचा ट्रक, परका धूर

प्रश्नाचे मर्म येथे आहे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात हे मांडले की, उद्योगाच्या खर्चाचा एक भाग उद्योजक भरतो आणि दुसरा भाग त्याच्या शेजारीपाजारी राहणाऱ्यांना निमूटपणे भरावा लागतो. या दुसऱ्या भागाची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही. देशाचा मालवाहतूक-खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के आहे असे पूर्वी सांगितले जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०२३-२४ साठी तो ७.९७ टक्के ठरविला. आकडा घटला म्हणून समाधान व्यक्त झाले. परंतु जुन्या आकड्यात धुराचा खर्च नव्हता आणि नव्यातही नाही. दम्याच्या औषधाचे पैसे रुग्णाच्या खिशातून जातात, बिल्टीवर चढत नाहीत.

कंपन्यांच्या हिशेबाचे असेच आहे. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे ‘सेबी’ने सक्तीचे केले, हे पाऊल योग्यच होते. परंतु कंपनीने स्वतःच्या आवारात जाळलेले इंधन व वापरलेली वीज यांचा हिशेब त्यात आवश्यक आणि भाड्याने घेतलेल्या ट्रकांचा हिशेब मात्र प्रायः ऐच्छिक. पुरवठादार व सेवादारांची माहिती मोठ्या कंपन्यांकडून मागण्याचा विचार झाला. पुढे तीही ऐच्छिकच राहिली. आपल्याकडे फार थोड्या कंपन्यांचे स्वतःचे ट्रक असतात. काम कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून दलालाकडे आणि दलालाकडून अखेर दोन-तीन ट्रकांच्या मालकाकडे जाते. धुरही त्याच वाटेने खाली घसरतो. कंपनीच्या अहवालात तो दिसत नाही आणि लहान ट्रकमालकाला अहवालच लिहावा लागत नाही. असा हा धूर जन्मतःच बेवारस ठरतो.

आणि त्याला वारस शोधण्याची वेळ येते, तेव्हा दंडुका नेमका सर्वांत दुबळ्यावर पडतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके आली. नवे ट्रक स्वच्छ झाले, तसे महागही. जुना ट्रक मोडीत काढा, असे सांगणे सोपे आहे. कर्जाचे हप्ते, टायर, टोल, चालक-क्लीनरचा पगार भागवून ज्याच्या हाती महिन्याकाठी बेताचेच काही उरते, त्या ट्रकमालकाने नवा ट्रक कोठून आणावा? जुलै २०२५ मध्ये केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेखाली विजेच्या ट्रकसाठी ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत साह्य जाहीर केले. हेतू स्तुत्य आहे, परंतु योजना सुमारे ५,६०० ट्रकांपुरती आहे आणि विजेच्या मोठ्या ट्रकची किंमत पाहता उरलेली रक्कम लहान मालकाच्या आवाक्याबाहेरची आहे. ११ जुलै २०२१ रोजी नागपूरजवळ द्रवरूप नैसर्गिक वायूचे केंद्र सुरू झाले. डिझेलपेक्षा त्याचा काळा धूर कमी, पण वाटेत मिथेन गळला तर तापमानवाढीच्या दृष्टीने तो फायदा पुष्कळसा वाया जातो. म्हणजे नव्या इंधनांचे स्वागत करावे. मात्र त्यांच्याकडे सर्वरोगहारी मात्रा म्हणून पाहू नये.

न्यायाचे तत्त्व सरळ आहे. माल ज्याचा, धूर त्याचा. ट्रक भाड्याचा असला तरी त्यातील डिझेल कंपनीच्या मालासाठीच जळते. ते डिझेल कंपनीने आपल्या हिशेबात धरावे आणि ते कमी करण्याचा खर्चही आपल्याकडे घ्यावा. तो खर्च पाच वर्षांच्या भाडेकराराच्या रूपाने उचलता येईल. पाच वर्षांचे हमखास भाडे हाती असेल, तर बँक लहान मालकालाही विजेच्या ट्रकसाठी कर्ज देईल. बुटीबोरी, हिंगणा, वाडी, कळमना यांच्यातील ठरलेल्या, छोट्या व रोजच्या फेऱ्या विजेच्या ट्रकांसाठी अगदी अनुकूल आहेत. आज भाडे एका खेपेपुरते ठरते. उद्याची शाश्वती नसलेल्या माणसाकडून परवाच्या पर्यावरणाची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे.

महाकेंद्र कशासाठी?

या पार्श्वभूमीवर नागपूर-वर्धा महाकेंद्राकडे पाहिले पाहिजे. सिंदी रेल्वे येथील कोरड्या बंदराची पायाभरणी २०१७ साली झाली आणि त्या जागी बहुविध वाहतूक संकुल उभारण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. सिंदीच्या नावातच रेल्वे आहे. मुंबई-हावडा मुख्य मार्ग तेथून जातो. ही जागा निवडण्यामागचा विचार योग्यच म्हणावा लागेल. परंतु संकुलाला रूळ जोडलेले असणे आणि संकुलातील माल रुळावरून जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोदामे रस्त्याच्या कडेने वाढत गेली आणि रूळ कोपऱ्यात गंजत राहिले, असे होऊ नये यासाठी काही अटी आधीच घालाव्या लागतील.

पहिली अट अशी की, जमीन, मुद्रांक शुल्क, वीजदर यांतील सवलती सरसकट देऊ नयेत. ज्या गोदामाचा ठरावीक हिस्सा माल रेल्वेने येतो-जातो, त्यालाच त्या मिळाव्यात आणि दरवर्षी वजनकाट्यावरील नोंदींवरून त्यांची फेरतपासणी व्हावी. दुसरी, रेल्वेने निश्चित वेळापत्रकाची आणि लहान मालासाठीची गाडी द्यावी. मुंबईच्या बंदराकडे रोज ठरल्या वेळी सुटणारी एक गाडी दहा घोषणांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. वर्धा-नागपूर दरम्यानच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गाचे काम लवकर संपणे त्यासाठी अत्यावश्यक आहे. नाहीतर प्रवासी गाडीला वाट देत मालगाडी ताटकळतच राहील. तिसरी, परतीच्या मालाची सामाईक नोंदपेढी. तिची मालकी एखाद्या खासगी दलालाकडे न जाता ट्रकमालकांच्या सहकारी संस्थेकडे असावी. साखर आणि दूध यांच्या बाबतीत जे महाराष्ट्राला साधले, ते रिकाम्या ट्रकांच्या बाबतीत असाध्य मानण्याचे कारण नाही.

कल्पकतेची उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा या दरम्यान भरलेले ट्रकच्या ट्रक मालगाडीवर चढवून नेण्यास सुरुवात केली. चालकाला घाटवळणांतून विसावा मिळाला, डिझेल वाचले आणि माल दोनदा चढविण्या-उतरविण्याचा प्रश्नच उरला नाही. नागपूरच्या परिसरात कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांसाठी जवळच्या खाणींतून बंदिस्त पट्ट्यावरून कोळसा नेण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यामागचे तत्त्वही हेच आहे. ज्या वाटेने रोज तोच माल जातो, तेथे ट्रकांची रांग ही सोय नसून कल्पनेचे दारिद्र्य असते.

आणि एक इशाराही. आधुनिक वाहतुकीच्या नावाखाली अजनी वनातील झाडे तोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०२०-२१ मध्ये नागपूरकर रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेले. झाडे तोडून उभारलेले हरित केंद्र ही भाषाच मुळात वदतोव्याघात आहे. महाकेंद्राच्या आखणीत कोणती झाडे, कोणते तलाव, कोणती शेते जाणार, याचा आराखडा लोकांपुढे आधी यावा. सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण यांवर संशोधन करणारी ‘नीरी’सारखी संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. महाकेंद्राच्या धुराचा व धुळीचा वार्षिक हिशेब तिच्याकडून करवून घेऊन जाहीर करण्याचे बंधन घातले, तर नागपूर साऱ्या देशाला एक नवा पायंडा घालून देईल.

घाईची किंमत

एवढे सांगून झाल्यावर सामान्य ग्राहकाला या साऱ्यातून मोकळे सोडता येणार नाही. दोन पुस्तके आणि एक सदरा उद्याच्या उद्या घरी हवा, नको वाटला तर परत पाठवू, ही सवय शिक्षक, कारकून, विद्यार्थी या वर्गात झपाट्याने रुजली आहे. उद्या हवा असलेला माल रेल्वेच्या गाडीची वाट पाहू शकत नाही. तो अर्ध्या भरलेल्या ट्रकाने निघतो. कंपनी ग्राहकाच्या घाईकडे बोट दाखविते आणि ग्राहक कंपनीच्या जाहिरातीकडे. दोघांच्या मधून ट्रक धूर सोडीत निघून जातो. चार दिवस थांबण्याची तयारी असलेल्या ग्राहकाला काही पैसे कमी आकारण्याची साधी पद्धत कंपन्यांनी सुरू केली, तर माल एकत्र करण्यास त्यांना अवधी मिळेल आणि संयमाला बाजारात प्रथमच काही मोल येईल.

शेवटी प्रश्न मालवाहतूक हवी की नको असा नाहीच. तिच्यावाचून नागपूरची संत्री दिल्लीस पोचणार नाहीत आणि दिल्लीची औषधे गडचिरोलीस पोचणार नाहीत. प्रश्न आहे तो तिच्या खऱ्या किमतीचा आणि ती कोणी भरावी याचा. बिल्टीवर माल पाठविणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, वजन असते, भाडे असते. किती डिझेल जळाले आणि ते कोणाच्या खात्यावर, एवढा एकच रकाना तिच्यावर नाही. तो रकाना नाही तोवर वाडीतले एखादे मूल रात्रभर खोकत राहील आणि त्याची नोंद कोठेच होणार नाही. महाकेंद्राची पहिली वीट ठेवण्यापूर्वी हा रकाना छापून घेणे, एवढे तरी हे शहर मागू शकते.